प्लॅस्टिकला वजन कसे येते? लष्करी हेलिकॉप्टरच्या स्केल मॉडेलची गोष्ट

समाजमाध्यमांवर अधूनमधून एखादे छायाचित्र फिरत असते. धावपट्टीच्या कडेला उभे असलेले लष्करी हेलिकॉप्टर, दाराच्या कडेला उडालेला रंग, धुराड्यामागे साचलेली काजळी आणि जमिनीकडे किंचित झुकलेली लांबलचक पाती. पुढच्या छायाचित्रात त्याच हेलिकॉप्टरच्या शेजारी कोणीतरी आगपेटी ठेवलेली दिसते आणि पाहणारा चक्रावून जातो. मग ठरलेले प्रश्न येतात: हे असे तयार मिळते का, एवढ्याशा प्लॅस्टिकवर तीन-तीन महिने कसले काम चालते, आणि त्याच खोक्यातून दुसऱ्या एखाद्याने जोडलेले मॉडेल मात्र खेळण्यासारखे का दिसते?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक वर्षे ही मॉडेल जोडल्यानंतर माझे मत असे झाले आहे की फरक सुट्या भागांच्या संख्येत किंवा महागड्या हत्यारांत फारसा नसतो. खरे हेलिकॉप्टर काही टन वजनाचे असते आणि ते वजन त्याच्या प्रत्येक अवयवावर उमटलेले असते. मॉडेल काही ग्रॅमचे असते आणि त्याच्यावर काहीच आपोआप उमटत नाही. ते वजन हाताने दाखवावे लागते.

## खोक्यात नेमके काय असते

किट म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि थंड झाल्यावर बाहेर काढतात. भाग एका चौकटीला बारीक दांड्यांनी चिकटलेले असतात. या चौकटीला जगभरचे मॉडेलकार ‘स्प्रू’ म्हणतात. हेलिकॉप्टरचे धड बहुधा डाव्या आणि उजव्या अशा दोन फाकांत येते, आणि त्या दोन्हींच्या मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा जोड हीच पुढची पहिली डोकेदुखी असते.

दुसरा शब्द ‘स्केल’, म्हणजे प्रमाण. १/४८ म्हणजे मूळ वस्तूच्या ४८ सेंटिमीटरला मॉडेलवर एक सेंटिमीटर. हेलिकॉप्टरसाठी १/७२, १/४८ आणि १/३५ ही प्रमाणे विशेष चालतात. १/७२ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब साधा आहे: एका इंचात सहा फूट, म्हणजे उंच माणूस बरोबर एक इंचाचा. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने विमानांचे किट याच प्रमाणात निघाले आणि ते प्रमाण रूढ झाले. अमेरिकी बनावटीच्या ‘यूएच-१एच’ या हेलिकॉप्टरच्या, म्हणजे सर्वांना ‘ह्यूई’ नावाने ठाऊक असलेल्या यंत्राच्या, मुख्य पात्यांच्या फेऱ्याचा व्यास १४.६३ मीटर आहे. तो १/७२ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर, १/४८ मध्ये ३० आणि १/३५ मध्ये जवळपास ४२ सेंटिमीटर होतो. मॉडेल निवडण्याआधी कपाटाचा कप्पा मोजावा, असे मी नवख्यांना सांगतो ते यासाठी.

## ‘चिकटवायचे तर आहे’ असे वाटते तेव्हा

पॉलिस्टायरीनसाठी वापरतात ते द्रव्य खऱ्या अर्थाने गोंद नसते. ते पाण्यासारखे पातळ असते आणि प्लॅस्टिक विरघळवते. दोन मेणबत्त्यांची टोके तापवून एकमेकांवर दाबली तर मेण एकजीव होते. इथे तेच घडते, फक्त उष्णतेऐवजी रसायनाने. दोन फाका जुळवून धरायच्या, कुंचल्याचे टोक फटीला टेकवायचे, आणि द्रव आपोआप फटीत ओढला जातो. सांधा बसला की बोटांनी हलका दाब द्यायचा; विरघळलेले प्लॅस्टिक केसासारखी बारीक रेघ होऊन वर येते. ते पूर्ण वाळल्यावर कानसले की जोड दिसेनासा होतो. जिथे फट राहते तिथे लांबी (पुट्टी) भरायची आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचे. पाण्याने घासण्याचा फायदा असा की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि धूळही उडत नाही.

धातू किंवा रेझिनचे (वेगळ्या प्रकारच्या कडक प्लॅस्टिकचे) भाग मात्र या द्रव्याने जुळत नाहीत, कारण ते त्यात विरघळत नाहीत. त्यांना झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद लागतो, ज्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरके सावट येते. वैमानिक-कक्षाच्या काचेवर असे सावट आले की आत महिनाभर केलेले काम धुक्यात जाते. म्हणून काचा साध्या पांढऱ्या गोंदाने बसवाव्यात. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलाच तर पाण्याने पुसता येतो.

## पाती खाली का झुकतात, आणि मॉडेलची का झुकत नाहीत

उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या भाराने वाकतात. ती लांब, सडपातळ आणि एकाच टोकाला धरलेली असतात. त्यांना आडवे ताणून धरते ते फिरण्यामुळे निर्माण होणारे बाहेरच्या दिशेचे बल. इंजिन बंद झाले की ते बल जाते आणि पाती लोंबतात. उड्डाणात चित्र उलटे होते, कारण पात्यांवर सारे हेलिकॉप्टर तोललेले असते आणि त्यांची टोके वर उचललेली दिसतात. याचा अर्थ, पात्यांचा बाक पाहून यंत्र उभे आहे की उडते आहे हे सांगता येते. किटमधली पाती बहुधा पट्टीसारखी सरळ असतात. सरळ पाती ना उभ्या हेलिकॉप्टरची, ना उडत्या. आणि डोळ्याला नेमके काय खटकते हे कळले नाही तरी खटकते खरे.

इथे एक रास्त शंका येते. मॉडेलची पातीही लांब आणि बारीकच असतात, मग ती आपोआप का वाकत नाहीत? उत्तर गणितात आहे. एका टोकाला धरलेली वस्तू सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात लहान केली, तर तिचे वजन ज्या वेगाने घटते त्या वेगाने तिचा ताठपणा घटत नाही. परिणामी बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. समजा, खऱ्या पात्याचे टोक ४८ सेंटिमीटर खाली आले आहे. १/४८ च्या मॉडेलवर ते १ सेंटिमीटर खाली दिसायला हवे. पण साहित्य तेच धरले तर ते प्रत्यक्षात ४८ भागिले ४८ च्या वर्गाने, म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटर झुकेल. प्लॅस्टिक धातूहून लवचीक असल्याने प्रत्यक्षातला आकडा काही पटींनी वाढेल, हिशेबाचा रोख मात्र बदलत नाही. मोठ्या झाडाची आडवी फांदी वाकलेली असते आणि तिच्याच ठेवणीची छोटी काडी ताठ राहते, ते याच कारणाने. आकार लहान करता येतो, पण गुरुत्वाकर्षण त्या प्रमाणात सोबत येत नाही.

म्हणून बाक हाताने द्यावा लागतो. मी खऱ्या यंत्राचे बाजूने घेतलेले छायाचित्र छापून त्यावर पट्टी ठेवतो, बाक मोजतो आणि तेवढीच वक्ररेषा जाड पुठ्ठ्यावर कापून घेतो. मग पाते गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, काही क्षण धरायचे, पुठ्ठ्याच्या वक्रावर टेकवून हळूच वाकवायचे आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचे. पहिल्या खेपेला पाते थोडे परत सरळ होते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाक टिकतो. सगळ्या पात्यांना एकच साचा लावायचा, नाहीतर पाच पाती पाच दिशांना बघू लागतात. बाक एकाच ठिकाणी मोडल्यासारखा दिसता कामा नये. तो मुळापासून टोकापर्यंत वाढत गेला पाहिजे.

दोन पात्यांच्या ह्यूईची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिची दोन्ही पाती मिळून एकच तुळई असते आणि ती मध्यभागी सी-सॉसारखी डुलते. त्यामुळे उभ्या ह्यूईचे एक पाते खाली आणि दुसरे वर असे चित्र सहज दिसते, आणि पुष्कळदा एक पाते दोरीने शेपटीला बांधलेले असते. ती दोरी, तिचा किंचित ताण आणि त्या बाजूला ओढले गेलेले पाते एवढे दाखवले तरी मॉडेलमध्ये जीव येतो.

फिरण्याची दिशाही पाहावी लागते. वरून पाहिले असता बहुतेक अमेरिकी हेलिकॉप्टरांची मुख्य पाती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, तर रशियन एमआय-८ आणि एमआय-२४, तसेच फ्रेंच अल्युएट आणि प्यूमा यांची काट्यांच्या दिशेने. पात्याची पुढची कड जाड आणि गोलसर असते, मागची धारेसारखी पातळ. पाती उलटी बसली तर ते यंत्र कधीच उडू शकणार नाही. माझ्या पहिल्या एमआय-२४ ची पाचही पाती अशी उलटी बसली होती आणि हे माझ्या लक्षात आले तेव्हा रंगही पूर्ण झाला होता. ती सोडवून पुन्हा बसवली, तेव्हापासून प्रत्येक पात्याच्या बुंध्यावर पेन्सिलीने बाण काढल्याशिवाय मी गोंदाची बाटली उघडत नाही.

पात्यांच्या मुळाशी असलेला रोटर हेड हा हेलिकॉप्टरचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. त्याच्या खाली ‘स्वॉशप्लेट’ नावाच्या दोन तबकड्या असतात; खालची न फिरणारी, वरची पात्यांबरोबर फिरणारी. वैमानिकाने दांडा कलवला की दोन्ही तबकड्या कलतात आणि त्यांना जोडलेल्या बारीक दांड्या प्रत्येक पात्याचा कोन फिरता फिरता बदलतात. हे समजले की कोणती दांडी कुठून कुठे जाते हे सूचनापत्रकात शोधावे लागत नाही. किटमधल्या जाड दांड्या काढून त्या जागी बारीक पितळी तार आणि तेल नेणाऱ्या नळ्यांसाठी शिसाची मऊ तार लावणे, हे माझ्या दृष्टीने सर्वांत फलदायी तपशीलकाम आहे, कारण नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

## जमिनीवरचा भार

पात्यांचे तेच तत्त्व खाली चाकांना लागू होते. रबराचे टायर जमिनीला टेकतात तिथे थोडे सपाट होतात आणि बाजूला फुगतात. मॉडेलचा टायर तळाशी किंचित घासला तरी परिणाम साधतो. चाकांच्या पायातला दाबला जाणारा दांडा किटमध्ये बऱ्याचदा पूर्ण लांबलेला, म्हणजे उड्डाणातल्या स्थितीत दिलेला असतो; तो थोडा कापून आखूड करावा. ह्यूईला चाके नसतात, घसरपट्टीसारखे दोन स्किड असतात, आणि हेलिकॉप्टर टेकले की त्यांना धरणाऱ्या आडव्या नळ्या दबून स्किड बाहेरच्या बाजूला फाकतात.

एमआय-२४ मध्ये तर अख्खे धडच कललेले असते. हवेत एका जागी तरंगताना शेपटीच्या पंख्याचा बाजूचा जोर निस्तरण्यासाठी त्याच्या मुख्य पात्यांचा अक्ष धडाच्या तुलनेत २.५ अंश उजवीकडे झुकवला आहे. जमिनीवर पाती समतल राहावीत म्हणून चाकांची रचनाही त्याला जुळवून घेते, आणि समोरून पाहिले की यंत्र एका खांद्यावर रेलल्यासारखे दिसते. हे न कळता कोणी काटकोन लावून मॉडेल ‘सरळ’ केले, तर ती मेहनत मॉडेलला खऱ्यापासून दूर नेते.

नाकाखाली चाक असलेल्या यंत्रांत शेपटी मॉडेलला मागे खेचते आणि चाक हवेत उचलले जाते. धड बंद करण्याआधीच नाकात पोलादी नट किंवा छर्रे चिकटवून तोल पाहावा. अपाचे या अमेरिकी लढाऊ हेलिकॉप्टरला चाक शेपटीखाली असल्याने हा प्रश्न येत नाही.

## काचेआडचे जग

लढाऊ विमानाच्या मानाने हेलिकॉप्टरला काचा पुष्कळ. ह्यूईच्या वैमानिकाच्या पायांखाली, समोर, बाजूला आणि डोक्यावरही काच असते. डोक्यावरची हिरवट छटेची. सरकते दार उघडे ठेवले की पूर्ण कक्ष दिसतो. म्हणून आतले काम आधी, रंगासह संपवावे लागते. धड बंद झाल्यावर तिथे कुंचला पोहोचत नाही.

एकेक गोष्ट जवळून पाहिली तर या कामाचा आवाका कळतो. उपकरणफलकावरची तबकडी १/४८ मध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास असते. फलक काळा रंगवायचा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका करडा रंग कडांवरून फिरवायचा म्हणजे आकडे आणि किनारी उजळतात, आणि शेवटी टाचणीच्या टोकाने प्रत्येक तबकडीत चकचकीत वार्निशाचा एकेक थेंब सोडायचा. तो थेंब काचेचे काम करतो. दिवा हलवला की तबकड्या एकामागून एक चमकतात. आसनांचे पट्टे पातळ धातूच्या पत्र्याचे करतात, कारण तो पत्रा आसनावर भाराने पडल्यासारखा वाकतो. कागदाचा पट्टा तसा पडत नाही.

रंगही देशागणिक बदलतो. सोव्हिएत यंत्रांच्या आतला निळसर हिरवा रंग प्रसिद्ध आहे, तर अमेरिकी ह्यूईंमध्ये करडा आणि पुढे काळा दिसतो.

## रिव्हेट मोजणे हा अतिरेक नाही का?

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे बारीक खिळे, मोजत बसणे हा अतिरेक आहे, हा आक्षेप मॉडेलकारांच्या आपसातल्या चर्चेतही येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. १/७२ च्या मॉडेलवर पत्र्यांच्या सांध्याची खाच ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर मूळ यंत्रावर ती जवळपास दीड सेंटिमीटरची भेग ठरेल. अशा फटींचे हेलिकॉप्टर कोणी उडवणार नाही. त्या खाचेत गडद काळा रंग भरला की अतिशयोक्ती दुप्पट होते. म्हणून खाचांमध्ये रंग भरायचा तर तो मूळ रंगाच्या गडद छटेचा आणि पातळ असावा.

मात्र पत्र्याचे पोचे दाखवणे अतिरेक नाही. हेलिकॉप्टरचा पातळ पत्रा रिव्हेटांच्या रांगांमध्ये ताणला जाऊन हलका उठलेला आणि खचलेला असतो, आणि तिरप्या उन्हात शेपटीच्या दांड्यावर त्याच्या लाटा स्पष्ट दिसतात. गोल टोकाच्या सुरीने प्लॅस्टिक हळूहळू खरवडून त्या लाटा आणता येतात. खरवडलेली खोली नखालाही जाणवत नाही. रंगावर उजेड पडला की दिसते. ह्यूई आणि तिच्या भावंडांची १६,००० हून अधिक यंत्रे बनली आणि त्यांत कालानुसार अँटेना, आसने, धुराडी बदलत गेली. त्यामुळे ‘ह्यूई’ जोडण्यापेक्षा एका विशिष्ट वर्षीची, एका विशिष्ट क्रमांकाची ह्यूई समोर ठेवून जोडावी. एका यंत्राचे तीन फोटो वीस वेगवेगळ्या यंत्रांच्या फोटोंपेक्षा कामाचे ठरतात.

## रंगाचे थर आणि त्यांचा क्रम

रंगकामात गोंधळ होतो तो क्रमाचा. आधी अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग चकचकीत वार्निश, त्यावर चिन्हांचे स्टिकर, पुन्हा वार्निश, मग मळ-डागांचे पातळ रंग आणि शेवटी मंद, म्हणजे चमक नसलेले, वार्निश. चकचकीत थर मध्येच का, असे विचारले जाते. मंद रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. पाण्यात सुटणारे पातळ स्टिकर त्यावर बसले की खाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते. गुळगुळीत थरावर हवा अडकत नाही. मळाचे रंग तेलकट आणि खालचा रंग पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक ठेवण्यामागेही कारण आहे: तेलकट रंग पुसायचे टर्पेंटाइनसारखे द्रव वाळलेल्या अॅक्रिलिकला धक्का लावत नाही.

मळ कुठे लावायचा हे यंत्रच सांगते. काजळी धुराड्यापासून मागे, वंगणाचे ओघळ रोटर हेडखालून खाली, मातीचे ठसे दाराच्या उंबऱ्यावर, वाळूने झिजलेला रंग पात्यांच्या पुढच्या कडेवर. ज्या डागाचे कारण सांगता येत नाही तो डाग मी पुसून टाकतो.

## छपाईयंत्राने सगळे छापता येत असताना?

त्रिमितीय छपाईने तपशीलकाम खरोखर बदलले आहे. आसने, रोटर हेड, बंदुकांच्या जाळीदार नळ्या आता अशा छापून मिळतात की साच्यातून तसे भाग निघणेच शक्य नव्हते. मी ते वापरतो आणि त्यात काही गमावल्याची भावना नाही. पण छापील पातेही सरळच येते, आणि ते कुणीतरी पाहून, मोजून वाकवावे लागते. रेझिन कापताना-घासताना मात्र तोंडाला चांगला मुखवटा हवा, आणि फवाऱ्याने रंग मारताना खिडकी उघडी हवी. हे टाळणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

## शेवटी, हे युद्धयंत्रच आहे

काही वाचकांना प्रश्न पडतो की शस्त्रे लादलेल्या यंत्राचे इतक्या मायेने मॉडेल करणे योग्य आहे का. प्रश्न गंभीर आहे. माझ्यापुरते उत्तर असे की अभ्यास करताना त्या यंत्राचा सगळा इतिहास समोर येतो. व्हिएतनाम युद्धात ह्यूईने सैनिक आणि बंदुका वाहिल्या, आणि त्याच ह्यूईने ‘डस्टऑफ’ या रेडिओवरच्या हाकेने जखमींना उचलून रुग्णालयात नेले. कक्षात स्ट्रेचर बसवताना त्याची लांबी-रुंदी मोजावी लागते, ते कितव्या थरात अडकते हे पाहावे लागते, आणि मग आत पडलेल्या माणसाला छत किती जवळ दिसत असेल हे कळते. एवढे कळल्यावर त्या यंत्राकडे नुसते रुबाबदार वस्तू म्हणून पाहणे मला जमत नाही.

पाती मी सर्वांत शेवटी बसवतो आणि कधीच चिकटवत नाही. रोटर हेडखाली पितळी खिळ घालून ती धडातल्या नळीत सैलसर बसेल अशी ठेवतो, कारण १/३५ चे एमआय-२४ पात्यांसह जवळपास ४९ सेंटिमीटर जागा अडवते आणि हलवताना पहिला धक्का टोकालाच बसतो. खिळ बसली की मॉडेल टेबलाच्या कडेला आणून डोळे त्याच्या चाकांच्या पातळीला न्यायचे आणि पाचही टोके एका रेषेत लोंबतात का ते पाहायचे. एखादे वर राहिले असेल तर पुन्हा गरम पाणी घ्यायचे.